कानाची मशीन

माझ्या ताईचे कान टीबीच्या इंजेक्शनांनी गेले. तेव्हा ती देवळीजवळच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवायची. तिशीही ओलांडलेली नव्हती. वडील आम्ही लहान असतानाच वारले होते. मायनं जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसातला कचरा निवडून आम्हा दोघी बहिणींना वाढवलं, आणि ताई मास्तरीण झाली तेव्हा आमच्या घरातल्या कुणाला लोक पहिल्यांदाच आपणहून नमस्कार करायला लागले.

इंजेक्शनं सुरू करतानाच डॉक्टरांनी बजावलं होतं, की कानात आवाज यायला लागला किंवा चालताना तोल जायला लागला तर लगेच सांगायचं. ताईच्या कानात रातकिडे ओरडायला लागले. तिनं सांगितलं नाही. सांगितलं तर इंजेक्शन बंद करतील आणि छातीतलं दुखणं उलटेल, अशी तिला भीती होती. दुखणं बरं झालं, खोकला थांबला, गालांवर थोडं मांसही आलं. पण मागून हाक मारली तर ती वळेनाशी झाली.

मी एकदा पाटीवर लिहून विचारलं, "डॉक्टरले काऊन नाई सांगितलं?"

तिनं वाचलं आणि पदरानं पाटी पुसून टाकली. "मेली असती तर कोणाले शिकवलं असतं?" असं ती म्हणाली, पण इतक्या मोठ्यानं की बाहेर ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली माय दचकून आत आली. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यानं ताईला त्याचा अंदाज राहत नसे. कधी ती भांडल्यासारखी बोलायची, कधी ओठ नुसतेच हलायचे.

नागपूरच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की कान पार गेलेले नाहीत, आवाज मोठा करून पोचवला तर पुष्कळ कळेल. त्यांच्याच ओळखीनं एक वापरलेली परदेशी मशीन मिळाली. आत्ताच्यासारखी कानामागे दडणारी नव्हती ती. काडेपेटीहून थोडी मोठी, चपटी पेटी, तिच्यात एक पेन्सिल सेल, वरच्या बाजूला आवाज घ्यायची जाळी, आणि तिथून निघालेली वायर कानातल्या गोळीपर्यंत. मायनं तिच्यासाठी कापडाची थैली शिवली. ताई ती पदराआड पोलक्याला पिनेनं अडकवायची.

पहिले काही दिवस ती त्रासून गेली. पदर जाळीवर घासला की तिच्या कानात कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या ओढत नेल्यासारखा आवाज व्हायचा. एसटीत बसली की मशीन बंदच करून ठेवायची. पण वर्गात मुलं पाढे म्हणायला लागली की ती जाळी त्यांच्याकडे करून उभी राहायची. साडी कशी नेसली म्हणजे घासत नाही, फळ्याकडे तोंड असताना पेटी कोणत्या बाजूला हवी, हे सगळं तिनं स्वतःच शोधून काढलं. सुती, मऊ झालेल्या साड्याच ती शाळेत नेसायची. अशी दोन वर्षं तिनं मजेत शिकवलं.

मी तेव्हा देवळीत बसस्टँडजवळच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काम करत होते. बाई रेडिओ दुरुस्त करते हे लोकांना नवल वाटायचं, पण त्यात ठरवून केलेलं काही नव्हतं. दुकानाचे मालक काकाजी विजेच्या मोटारी आणि ट्रान्सफॉर्मरही दुरुस्त करायचे. तांब्याच्या बारीक तारेचे वेढे गुंडाळायचं काम ते घरी बसून करणाऱ्या बायकांना द्यायचे. मी मॅट्रिकनंतर ते काम घेतलं. वेढे मोजता मोजता मला प्रश्न पडायला लागले, आणि मी ते दुकानात जाऊन विचारायला लागले. शेवटी काकाजी वैतागून म्हणाले, "पोरी, रोज दहा वेळा येतं, त्यापेक्षा इथंच बसत जा." मी बसले. डाग द्यायला, म्हणजे सोल्डर करायला शिकले, मीटर वाचायला शिकले, आणि पुढे गिऱ्हाईक रेडिओ घेऊन आलं की काकाजींच्या आधी माझ्याकडे बघायला लागलं.

त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी ताईला मलेरियानं धरलं. ताप गेला तरी अंगात त्राण नव्हतं, बरेच दिवस ती अंथरुणावर होती. मशीन खराब होऊ नये म्हणून मायनं ती थैलीसकट रेशमी चिंधीत गुंडाळली आणि ट्रंकेत, लुगड्यांच्या मध्ये जपून ठेवली. आतला सेल काढायला हवा हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. शाळेत जायच्या दिवशी ताईनं थैली उघडली तेव्हा तिची बोटं चिकट झाली. सेल फुटून पाझरला होता. त्याच्या पांढऱ्या-हिरव्या खरपुडीनं पेटीचा अर्धा भाग खाल्ला होता.

माय भिंतीला टेकून खाली बसली. "माह्याच हातानं झालं वं हे," ती म्हणाली. ताईला शब्द ऐकू आले नाहीत, पण तोंडावरून सगळं कळलं. तिनं मायच्या खांद्यावर हात ठेवला, चपला घातल्या आणि मशीनशिवाय शाळेत गेली.

दिवाळीपर्यंतचे ते दिवस तिला फार जड गेले. मुलं मागे गोंगाट करायची, हिला पत्ता नसायचा. एका मुलाला बसायच्या टाटपट्टीखाली विंचू दिसला, तो ओरडला, आणि ताई फळ्यावर शांतपणे लिहीत राहिली. चावला कुणाला नाही, पण गावात बोभाटा झाला. काही पालक वर जाऊन बोलले. मग शाळा तपासायला येणारे साहेब स्वतः आले. ते रागीट नव्हते, उलट नीट समोर उभं राहून बोलले. म्हणाले, "बाई, तुमच्यावर माझा राग नाही. पण मुलांची जबाबदारी आहे. दिवाळीची सुट्टी संपली की मी तुमच्या वर्गात येऊन बसेन. तुम्हाला जमत नाही असं दिसलं, तर वर्ध्याला ऑफिसात टेबलाचं काम देता येईल."

ताईनं घरी आल्यावर हे सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "टेबल नाई पाह्यजे मले."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी नागपूरला गेलो. मशीन विकणाऱ्यानं पेटी उघडली, बघितली आणि तशीच मिटली. हे मॉडेल येणं बंद झालंय, याचे पार्ट मिळत नाहीत, मुंबईला पाठवून बघता येईल पण महिने लागतील आणि हमी नाही, असं त्यानं सांगितलं. नवी मशीन घेणं तेव्हा आमच्या आवाक्यातलं नव्हतं. परतीच्या गाडीत ताई खिडकीशी बसली होती. बाहेर शेतं पांढरी झाली होती, वेचणी चालू होती. वर्धा आलं तेव्हा तिनं माझ्या मांडीवर पेटी ठेवली.

"तू उघडून पाय," ती म्हणाली.

मी मानेनं नाही म्हटलं. तिनं परत तेच म्हटलं, या वेळी इतक्या जोरात की डब्यातली माणसं आमच्याकडे वळून बघायला लागली.

काकाजींनी पेटी हातात घेतली आणि चष्मा कपाळावर सरकवला. "हे आपलं काम नाई, पोरी. हे घड्याळजीचं काम आहे. यात बोट जात नाई, तिथं तू काय करशीन?"

"बोट नाई गेलं तर सुई जाईन," मी म्हटलं. "तुम्ही फक्त भंगाराचं खोकं द्या मले."

ते हसले. माळ्यावर जुन्या रेडिओंचं एक खोकं पडलेलं असायचं. कुणाचा रेडिओ बैलगाडीखाली आलेला, कुणाचा पुरात बुडालेला, कुणी कंटाळून सोडून गेलेला. ते त्यांनी स्वतः खाली उतरवून दिलं. शेजारच्या घड्याळजीकडून डोळ्याला लावायचं भिंगही मागून आणलं. घड्याळजी म्हणाला, भिंग ने, पण डोळा थकला की थांबत जा, नाहीतर माझ्यासारखा एकच डोळा बारीक होईल.

काम मी आमच्या घरी, अंगणाकडच्या दारात पाट टाकून केलं. तिथं सकाळी उजेड चांगला यायचा, आणि ताई समोर बसू शकायची. ती समोर असणं गरजेचं होतं. मशीन बरोबर बोलतेय की नाही हे मला ठरवता येणार नव्हतं, माझ्या कानाला सगळंच मोठं लागायचं. तिचा कान हाच माझा मीटर होता.

आधी मी जुन्या दातांच्या ब्रशनं आणि स्पिरिटनं खरपुडी काढली. आतली प्लेट, म्हणजे ज्यावर तांब्याच्या रेषा छापलेल्या असतात आणि सगळे पार्ट बसवलेले असतात ती पट्टी, माझ्या दोन बोटांएवढीच होती. भिंगातून पाहिल्यावर नुकसान कळलं. सेलला टेकणारं पितळेचं पातं संपलं होतं. दोन रेषा खाल्ल्या गेल्या होत्या. वीज साठवणारा एक कंडेन्सर फुटला होता, ती अडवणारा एक रेझिस्टन्स काळा पडला होता, आणि एका ट्रान्झिस्टरचा, म्हणजे त्या तीन पायांच्या दाण्याचा, एक पाय मुळाशीच तुटला होता. बाकीचं ठीक होतं.

आता खोक्यातले पार्ट. विजेच्या हिशेबानं ते चालणारे होते, पण मापानं एकही बसणारा नव्हता. रेडिओच्या पोटात जागाच जागा असते, तिथं कुणी पार्टचा आकार बघत नाही. आमच्या पेटीत मात्र गव्हाचा दाणा जिथं होता तिथं मला शेंगदाणा बसवायचा होता.

सोल्डरिंग आयर्नचं टोकही जाड होतं. एका ठिकाणी डाग द्यायला गेलं तर शेजारचे दोन सुटायचे. मी टोकाभोवती तांब्याची तार गच्च गुंडाळली, तिचं एक टोक पुढे काढून कानशीनं अणकुचीदार केलं. त्या टोकानं काम व्हायला लागलं. खाल्लेल्या रेषांच्या जागी मी वायरीतला एकेक केसासारखा तंतू काढून बसवला. सेलचं पातं जुन्या टॉर्चच्या पितळी पट्टीतून कात्रीनं कापलं.

रेझिस्टन्स आडवा मावेना, म्हणून उभा केला. त्याची किंमतही, म्हणजे वीज अडवायची ताकद, थोडी कमी होती. काकाजींनी मला एकदा गमतीत दाखवलं होतं की जुन्या कोळशाच्या रेझिस्टन्सला कानशीनं घासलं की त्याची किंमत वाढत जाते. मी मीटर लावून हळूहळू घासत गेले. तो सडपातळही झाला आणि पाहिजे त्या किमतीलाही आला. उघड्या पडलेल्या कोळशावर शेजारणीकडून आणलेलं लाल नेलपॉलिश लावलं. ताईनं ते बघून भुवया उंचावल्या. "मशीनचं लग्न आहे काय?" ती म्हणाली. त्या सगळ्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली.

कंडेन्सरनं फार छळलं. त्यातल्या त्यात लहान होता तोही झाकणाच्या वर येत होता, आणि तो कापून चालत नाही, आतला ओलावा उडाला की तो मेला. एक दिवस मी नुसती तो हातात फिरवत बसले. मग सुचलं की एक मोठा कशाला, दोन बारके शेजारी-शेजारी जोडले तर किंमत मिळून तीच होते. दोन बारके एका चिरडलेल्या खिशातल्या रेडिओत सापडले. त्यांचं वरचं प्लॅस्टिकचं वेष्टण ब्लेडनं सोलून काढलं, पत्र्याला पत्रा लागू नये म्हणून मध्ये तेलकट कागद घातला, आणि एक सेलच्या बाजूला, दुसरा कोपऱ्यात, असे दोन ठिकाणी झोपवले. पायांवर बारीक रबरी नळी चढवली.

राहिला ट्रान्झिस्टर. जुळेल असे दोनच मिळाले होते. त्यांच्या पत्र्याच्या टोपीची उंची जास्त होती, म्हणून आडवा पाडून, पाय वळवून बसवायचा होता. पाय बुडाशी वळले तर टोपीच्या बुडाची काच तडकते, आणि जास्त ऊब लागली तर हा जुन्या जातीचा दाणा तिथल्या तिथं जळतो. पहिला मी जाळला. आयर्न उचलेपर्यंत मीटरचा काटा सांगून मोकळा झाला होता. ताई समोरच बसली होती. तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"मेला?"

मी मान हलवली.

"अजून एक आहे न?"

"एकच आहे," मी बोट दाखवून म्हटलं.

"मंग आज नको हात लावू. मेलेल्यांवर हात बसव आधी."

शाळेत अक्षर गिरवून घेणारी बाई बोलत होती ती. मी तिचं ऐकलं. खोक्यातले सगळे निकामी ट्रान्झिस्टर काढले आणि त्यांचे पाय चिमट्यात धरून, वळवून, डाग देत बसले. चिमटा ऊब ओढून घेतो. तो माझ्या बोटांना गरम लागायच्या आत डाग पडलाच पाहिजे, असा मी नियम केला. हात थरथरला की उठून अंगणात एक चक्कर मारायचे. दुकानातून आल्यावर उजेड असेपर्यंत तेच. जेव्हा डाग डोळे न मिचकावता पडायला लागले, तेव्हा एका सकाळी, चहासुद्धा न घेता, मी तो उरलेला ट्रान्झिस्टर बसवला. काटा जिथं हवा तिथं थांबला.

सेल घातला. ताईनं गोळी कानात बसवली आणि आवाज वाढवायचं चाक हळूहळू फिरवलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. तिनं अचानक डोळे मिटून घेतले आणि गोळी ओढून काढली. मला इथपर्यंत ऐकू आलं, मशीन शिट्टी मारत होती.

ते निस्तरायला अजून काही सकाळी गेल्या. बाहेर जाणारा मोठा आवाज परत जाळीतून आत शिरला की शिट्टी होते, तसंच आतल्या तारांचंही असतं. मी गोळीकडे जाणारी तार जाळीच्या अगदी कडेनं नेली होती. ती उलट्या बाजूनं फिरवली. शिट्टी कमी झाली, पण ताई म्हणाली, "तुहा आवाज विहिरीतून येऊन राह्यला." तार आणखी आखडली, कोपऱ्यातला कंडेन्सर किंचित उचलला. "आता माठातून." आम्ही दोघी हसत होतो आणि मी डाग सोडवत होते, परत देत होते.

माय त्या सगळ्या दिवसांत आमच्याजवळ आलीच नव्हती. ट्रंकेचं तिच्या मनाला फार लागलं होतं. ती दुरूनच चहा ठेवून जायची. त्या दिवशी ती मोरीवर भाताचा गंज आणि बाकीची भांडी घासत होती. ताई माझ्याकडे बघत होती, चाकावर तिचं बोट होतं, आणि एकदम मान न वळवता ती म्हणाली, "माय, गंज हळू ठेव न वं. कानात वाजते."

मोरीवरचा आवाज थांबला. माय राखेचे हात तसेच घेऊन आली आणि ताईच्या पाठीमागे उभी राहिली. घसा खाकरून तिनं अगदी हळू विचारलं, "मले ऐकलं तू?"

"ऐकलं," ताई म्हणाली. "बस इथं."

एवढं झालं आणि झाकण लागेना. आतल्या कडा, खाचा ब्लेडनं खरवडून मी जागा केली होती, पण ट्रान्झिस्टरची टोपी नखाएवढी वर राहत होती. दाबून बसवलं तर काच तडकली असती. उघडं ठेवलं तर खडूची पूड आत गेली असती. मी पेटी घेऊन विचार करत बसले. छान परदेशी वस्तू, तिला भोक पाडायला हात होईना.

ताईनं बघितलं. "काप," ती म्हणाली. "मले शोकेसमध्ये नाई ठेवायची ते."

मी तापवलेल्या खिळ्यानं झाकणात गोल खिडकी पाडली. त्यावर बामच्या लहान डबीचं पत्र्याचं झाकण, आतून कागद लावून, चिकटवलं. पेटीला टेंगूळ आल्यासारखं दिसत होतं, पण ती बंद झाली. मायनं थैली उसवून पुन्हा शिवली, टेंगळासाठी एक चुणी सोडून.

शाळा उघडली आणि साहेब यायचे त्या दिवशी मी काकाजींना सांगून ताईबरोबर एसटीनं गेले. माझ्याजवळच्या डब्यात आयर्न सोडून दुरुस्तीचं सगळं होतं, चिमटा, ब्लेड, स्पिरिट, कानस, दोन सेल. मी व्हरांड्यात खिडकीखाली बसले.

ताईनं टाटपट्ट्या घोड्याच्या नालेच्या आकारात घातल्या होत्या, म्हणजे कुणीच तिच्या मागे नव्हतं. साहेबांसाठी खुर्ची मात्र हेडमास्तरांनी फळ्याच्या बाजूला ठेवली. धडा झाला, पाढे झाले. ताई फळ्यावर गणित लिहीत असताना साहेब उठून मुद्दाम तिच्या पाठीमागे गेले आणि काहीतरी म्हणाले. ती वळली.

"साहेब, तुमचा आवाज आला, पण शब्द नाही कळले. माझ्याकडे बघून परत सांगा."

मला वाटलं होतं ती कळल्यासारखं दाखवेल. साहेबांनाही बहुधा तेच वाटलं होतं. त्यांनी प्रश्न परत सांगितला, कोपऱ्यातल्या एका मुलीला उत्तर विचारायचं होतं. मुलगी घाबरून पुटपुटली. ताई तिच्यापाशी गेली, खाली बसली, छातीची थैली तिच्या तोंडासमोर धरली, ऐकलं, आणि म्हणाली, "हातचा राह्यला तुहा. परत कर." वाकताना पदर जाळीवर आला आणि मशीन चिरकली. मुलं हसली. "गुदगुल्या झाल्या तिले," ताई म्हणाली, पदर मागे घेतला आणि पुढे चालू.

थोड्या वेळानं ती खिडकीशी आली. थैली काढून तिनं बाहेर माझ्या हातात दिली. "बंद पडली." चेहऱ्यावर काही नव्हतं. मी पेटी उघडली. पितळेचं पातं सैल पडून सेलपासून सुटलं होतं. ते चिमट्यानं वाकवत असताना आतला आवाज मी ऐकत होते. ताईचा वर्ग थांबला नव्हता. तिनं सगळ्यांना उदाहरण पाटीवर सोडवायला सांगितलं होतं आणि एकेक पाटी वर करायला लावून ती वाचत होती, चूक तिथं खडूनं खूण करत होती.

माझ्या हातांवर सावली पडली. साहेब व्हरांड्यात आले होते.

"हे बामच्या डबीचं झाकण आहे का?"

"हो साहेब. आतलं सामान रेडिओचं आहे, मोठं आहे. मावत नव्हतं."

"हं," ते म्हणाले आणि मी स्क्रू लावेपर्यंत उभे राहिले. पेटी त्यांनीच आत नेऊन ताईला दिली.

सुट्टीत हेडमास्तरांसमोर त्यांनी तिला विचारलं, "मशीन परत बंद पडली तर काय कराल?"

"आज केलं तेच," ताई म्हणाली. "आणि दुरुस्तीले बहीण आहे."

ते लगेच विरघळले वगैरे नाही. म्हणाले, "विंचवासारखं पुन्हा घडता कामा नये. मुलांना काही दिसलं तर त्यांनी तुमच्यासमोर यायचं, ओरडत बसायचं नाही, हे त्यांना शिकवा. या वर्षी तुम्ही वर्गावर राहा. पुढच्या वर्षी मी परत बघेन." आणि पुढच्या वर्षी ते खरंच आले, बसले, आणि चहा पिऊन गेले.

ती मशीन चांगली चालली. दर उन्हाळ्यात मी तिला उघडायची, पातं बदलायची, एकदा रेझिस्टन्सही बदलला. पुढे नवीन, कानामागची मशीन आली तेव्हा ताई हायस्कूलला जोडलेल्या मोठ्या शाळेत होती आणि तिच्या हाताखालून गेलेली मुलं तिला बाजारात भेटली की समोर येऊन, तोंड दाखवून बोलायची.

मधल्या काळात बातमी पसरली होती. वडनेरहून एक शेतकरी आपल्या आईची मशीन घेऊन आला, तळेगावहून कुणी नवऱ्याची पाठवली. काही जमल्या, काही नाही जमल्या, तसं मी तोंडावर सांगायची. काकाजींनी दुकानाच्या दर्शनी भागात, उजेडाच्या बाजूला, माझ्यासाठी वेगळं टेबल टाकलं. रविवारी ताई तिथं येऊन बसायची. दुरुस्त झालेली मशीन गिऱ्हाइकाला देण्याआधी ती स्वतःच्या कानात घालून बघायची, आणि तिचं समाधान झाल्याशिवाय ती देऊ द्यायची नाही. वडनेरच्या त्या माणसाची मशीन मी एकदा पुसून, स्क्रू लावून, कागदात बांधायला घेतली होती. ताईनं ती माझ्या हातातून घेतली, गोळी कानात घातली, चाक फिरवलं आणि तोंड वाकडं केलं.

"माठातून येऊन राह्यलं," ती म्हणाली. "खोल परत."

वडनेरचा माणूस पाच वाजताच्या गाडीची घाई करत होता. मी त्याला बसायला स्टूल दिलं, चहा सांगितला आणि स्क्रू काढायला घेतले.